नवी गाडी खोडीची निघाली तर

वाचकहो, बैल विकत घेताना आपण काय काय पाहतो, ते क्षणभर आठवा. दात मोजतो, खूर पाहतो, वशिंडावरून हात फिरवतो, चार पावले चालवून बघतो. बसका आहे का, मारका आहे का, औताला सरळ चालतो का, ही चौकशी विकणाऱ्याकडे तर करतोच. पण त्याच्या गावच्या दुसऱ्या माणसाकडेही हळूच करतो. मग कुठे विसार देतो. हे शहाणपण परतूर तालुक्यातल्या शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको.

परंतु हाच शेतकरी शोरूममध्ये जाऊन सात-आठ लाखांचा ट्रॅक्टर घेतो, किंवा त्याचा मुलगा नवी मोटारसायकल घेतो, तेव्हा काय पाहतो? रंग पाहतो, हार घालतो, नारळ फोडतो आणि पेढे वाटतो. यात त्याची चूक आहे असे मी म्हणणार नाही. बैलाचे दात मोजता येतात. गिअरबॉक्समधल्या चाकाचे दात त्याला कसे मोजता येणार? झाकणाच्या आत काय आहे ते बनवणाऱ्याला ठाऊक, फार तर विकणाऱ्याला ठाऊक. घेणारा विश्वासावर पैसे मोजतो. हा विश्वास खोटा ठरला तर कायदा त्याला काय देतो, आणि ते मिळवण्यासाठी त्याच्या हातात काय असावे लागते, एवढेच आज आपण पाहणार आहोत. मी वकील नाही. महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवणारा माणूस आहे. पण या विषयाकडे मला एका प्रसंगाने वळवले, तो आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील घरी आले. पाडव्याच्या मुहूर्तावर त्यांनी बँकेचे कर्ज काढून नवा ट्रॅक्टर घेतला होता. पहिल्याच महिन्यात, भरलेली ट्रॉली चढावर ओढताना तिसरा गिअर आपोआप सुटू लागला. वर्कशॉपला नेला. मिस्त्री म्हणाला, "काका, नव्या गाडीचं असंच असतंय. चालवा थोडी, बसंल आपोआप." दहा दिवसांनी पुन्हा तेच. असा पाच वेळा ट्रॅक्टर वर्कशॉपला गेला आणि पाच वेळा 'आता ठीक आहे' म्हणून परत आला. मृगाचा पाऊस पडला तेव्हा तो सहाव्यांदा बंद होता. पेरणी कोणासाठी थांबत नाही. त्यांनी दुसऱ्याचा ट्रॅक्टर भाड्याने लावला. म्हणजे एकीकडे आपल्या ट्रॅक्टरचा हप्ता आणि दुसरीकडे परक्या ट्रॅक्टरचे भाडे.

मी विचारले, "कागद काय काय आहेत?" त्यांनी पिशवीतून बिल काढले, वॉरंटीचे पुस्तक काढले आणि दोन जॉब कार्डे काढली. एकावर 'तिसरा गिअर सुटतो' असे स्वच्छ लिहिले होते. दुसऱ्यावर फक्त 'जनरल चेकअप'. मी म्हटले, "आणि बाकीच्या तीन खेपा?" ते म्हणाले, "सर, तेव्हा कागद केलाच नाही. ओळखीचा माणूस होता. म्हणला, कशाला कागद, आपलंच काम हाय."

वाचकहो, ट्रॅक्टर पाच वेळा वर्कशॉपला गेला हे त्या घरातल्या लहान पोरालाही माहीत होते. पण कागदावर तो दोनदाच गेला होता, आणि त्यातही एकदा नुसत्या तपासणीसाठी. नोटीस दिली, पत्रव्यवहार झाला, कित्येक महिने गेले. शेवटी गिअरबॉक्स फुकट बदलून मिळाला आणि भाड्याचा काही खर्च मिळाला. ट्रॅक्टर बदलून मिळाला नाही. गेलेला हंगाम तर कोणालाच परत देता आला नाही. पाचही खेपांचे कागद असते तर आमचे म्हणणे किती जोरात मांडता आले असते, ही रुखरुख मला आजही आहे.

आता कायद्याकडे वळू. जुन्या व्यापाराचा नियम असा होता, की घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावे. नंतर कुरकुर करू नये. माल समोर उघडा पडलेला असे, तोवर हा नियम चालण्याजोगा होता. आपल्याकडच्या १९३० सालच्या मालविक्री कायद्यातही हे मूळ तत्त्व आहे. परंतु त्याच कायद्याच्या १६ व्या कलमात त्याला महत्त्वाचे अपवाद आहेत. आपल्याला वस्तू कोणत्या कामासाठी हवी ते घेणाऱ्याने सांगितले आणि तो विकणाऱ्याच्या जाणकारीवर विसंबला, तर वस्तू त्या कामास योग्य असलीच पाहिजे, असे विक्रीतच गृहीत धरले जाते. तसेच त्या प्रकारच्या मालाच्या व्यापाऱ्याकडून वर्णनावरून घेतलेला माल बाजारात विकण्याच्या योग्यतेचा असलाच पाहिजे. मात्र हा हक्क बजावायचा तर दिवाणी न्यायालयात जावे लागे. तिथला खर्च आणि तिथली वर्षे सामान्य माणसाला परवडत नसत.

म्हणून १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. २४ डिसेंबर १९८६ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, म्हणून तो दिवस आपण राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतो. त्यामागे महाराष्ट्रातल्या चळवळीचा मोठा वाटा होता. बिंदुमाधव जोशी यांची ग्राहक पंचायत आणि मुंबई ग्राहक पंचायत या संस्था १९७० नंतरच्या दशकातच कामाला लागल्या होत्या. पुढे १९८६ च्या कायद्याच्या जागी २०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा आला आणि जुलै २०२० पासून तो अमलात आहे. आज आपल्याला चालतो तो हाच कायदा. पूर्वी ज्याला 'ग्राहक मंच' म्हणत, त्याला आता 'जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग' म्हणतात. आपल्यासाठी तो जालन्याला आहे.

या कायद्यात 'दोष' या शब्दाचा अर्थ बराच विस्तृत आहे. वस्तूच्या गुणवत्तेत, शुद्धतेत, कार्यक्षमतेत किंवा दर्जात कायद्याने अथवा कराराने जे असायला हवे त्यात उणीव असली, किंवा विकणाऱ्याने जे आहे म्हणून सांगितले ते नसले, तरी तो दोषच. म्हणजे गाडी बंदच पडली पाहिजे असे नाही. पुन्हा पुन्हा गिअर सुटणे, इंजिन तापणे, ब्रेक एका बाजूला ओढणे, नव्या गाडीने तेल खाणे, या साऱ्या तक्रारी दोषात येऊ शकतात. मात्र वापरणाऱ्याने तेल न बदलल्यामुळे किंवा पेलेल त्याहून जास्त ओझे घातल्यामुळे झालेला बिघाड हा बनावटीतला दोष नव्हे. विरुद्ध बाजू पहिला बचाव हाच करते, हे ध्यानात ठेवावे.

इथे कोणी विचारील, "ट्रॅक्टर तर आम्ही धंद्यासाठी घेतो. मग आम्ही ग्राहक कसे?" प्रश्न बरोबर आहे. व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूला हा कायदा लागू नाही. पण कायद्यानेच पुढे खुलासा केला आहे, की स्वतःच्या रोजगाराने केवळ उपजीविका चालवण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची समजू नये. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या प्रकरणात याचे सोपे उदाहरण दिले: जो माणूस ऑटोरिक्षा घेऊन स्वतः चालवतो आणि त्यावर पोट भरतो, तो ग्राहकच आहे. एखाद-दुसऱ्या माणसाची मदत घेतली म्हणून त्याचे ग्राहकपण जात नाही. शेतकऱ्याचेही तसेच. बियाण्यांच्या एका खटल्यात, राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात, २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने शेतकऱ्याला ग्राहक मानून त्याला ग्राहक मंचाचा दरवाजा उघडा आहे असे सांगितले. जालना हा तर बियाण्यांचा जिल्हा. इथल्या वाचकाला न उगवलेल्या बियाण्याचे दुःख वेगळे सांगायला नको. तेव्हा आपल्या शेतासाठी घेतलेला ट्रॅक्टर, स्वतः चालवायची रिक्षा, घरच्या वापराची मोटार किंवा मोटारसायकल, यांचा खरेदीदार ग्राहक ठरू शकतो. तक्रारीत 'हे वाहन मी स्वतःच्या उपजीविकेसाठी घेतले आहे' हे वाक्य मात्र विसरू नये. दहा-दहा ट्रॅक्टर घेऊन भाड्याने फिरवणाऱ्याची गोष्ट वेगळी.

आता मागायचे काय? आयोग चार प्रकारचे आदेश देऊ शकतो. दोष काढून द्या. तशीच नवी, निर्दोष वस्तू द्या. किंमत परत करा. आणि झालेल्या नुकसानीची भरपाई द्या. यांपैकी एक किंवा अधिक आदेश होऊ शकतात. सगळ्यांना अर्थातच गाडी बदलून हवी असते. पण न्यायालये ती सहजासहजी देत नाहीत. मारुती उद्योगाच्या एका प्रकरणात २००६ साली हेच दिसले. क्लचचा दोष होता आणि खालच्या पातळीवर गाडी बदलून देण्याचा आदेश झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो बदलला. वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करण्याचे किंवा बदलण्याचे वचन होते, अख्खी गाडी बदलण्याचे नव्हते, असे त्यांनी म्हटले. सदोष भाग बदलून आणि भरपाई देऊन प्रकरण मिटवले. उलट फियाट इंडियाच्या प्रकरणात २०१० साली त्याच न्यायालयाने सांगितले, की स्वतंत्र तज्ज्ञाच्या तपासणीत मूळ बनावटीतलाच दोष आढळला तर ग्राहकाला गाडीची किंमत व्याजासह परत मिळावी.

हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचले म्हणजे एक गोष्ट उमजते. एक भाग बदलून जो दोष जातो, त्याला भाग मिळतो. जो दोष मुळातच आहे आणि दुरुस्तीने जात नाही, त्याला किंमत किंवा नवी गाडी मिळू शकते. मग प्रश्न उरतो तो एवढाच: दोष दुरुस्तीने जात नाही, हे सिद्ध कसे करायचे?

अमेरिकेत यासाठी खास कायदे आहेत. तिकडे वारंवार बिघडणाऱ्या नव्या गाडीला बोलीभाषेत 'लिंबू' म्हणतात, आणि त्यावरून त्या कायद्यांना लिंबू कायदे हे नाव पडले. १९८२ साली कनेटिकट राज्याने असा कायदा केला आणि मग इतर राज्यांनीही केले. त्यांचे माप साधारणपणे हिशेबाचे असते. ठरलेल्या मुदतीत त्याच दोषासाठी चार वेळा दुरुस्ती करून तो गेला नाही, किंवा गाडी एकूण तीस दिवस वर्कशॉपमध्ये पडून राहिली, की गाडी सदोष असल्याचे गृहीत धरतात. आकडे राज्याराज्यांत बदलतात, पण पद्धत अशी. आपल्या देशात मोटारींसाठी असा वेगळा कायदा नाही. चार खेपा झाल्या की गाडी बदलून मिळते, असा आपला नियम नाही. आपल्याकडे प्रत्येक ग्राहकाला आपले प्रकरण स्वतःच्या पुराव्याने उभे करावे लागते. म्हणूनच मघाशी सांगितलेल्या त्या कागदाची किंमत इथे फार मोठी आहे. अमेरिकेत खेपा मोजण्याचे काम कायदा करतो. आपल्याकडे ते काम जॉब कार्ड करते.

तेव्हा हे पुढचे मुद्दे वहीत लिहून ठेवावेत, अशी माझी विनंती आहे.

गाडी ताब्यात घेताना बिल, विम्याचा कागद, वॉरंटीचे पुस्तक आणि विक्रीचे प्रमाणपत्र, म्हणजे नमुना क्रमांक २१, हे सारे मागून घ्या. या प्रमाणपत्रावर इंजिन क्रमांक, चासी क्रमांक आणि गाडी कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी बनली ते लिहिलेले असते. ते क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी स्वतः ताडून पाहा. किलोमीटरचा किंवा तासांचा आकडा पाहा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बैलाचे दात मोजण्यासारखेच हे काम आहे.

गाडी दुरुस्तीला नेली की दर खेपेला जॉब कार्ड करून घ्या. त्यावर तक्रार तुमच्या शब्दांत लिहायला लावा. 'जनरल चेकअप' हे शब्द दिसले तर सही करू नका. 'तिसरा गिअर भरल्या ट्रॉलीला चढावर सुटतो' असे लिहा म्हणावे. तारीख, किलोमीटर किंवा तास, गाडी कधी दिली आणि कधी परत मिळाली, हे त्यावर असावे. परत घेताना दोष गेला नसेल तर सहीच्या शेजारी 'दोष कायम आहे' असे लिहा. कोणी कागद देण्याचे टाळले, तर त्याच दिवशी कंपनीच्या ग्राहक सेवेला ई-मेल करा किंवा रजिस्टर पोस्टाने पत्र टाका आणि पोस्टाची पावती जपा. ओळखीच्या माणसाकडूनही कागद मागावा. त्यात त्याचा अपमान नाही.

ठरलेली सर्व्हिसिंग वेळेवर आणि कंपनीच्याच वर्कशॉपमध्ये करा. वॉरंटी चालू असताना गावच्या मिस्त्रीकडून इंजिन किंवा गिअरबॉक्स उघडून घेऊ नका. तो कितीही कुशल असला तरी. शेतकऱ्याने सगळे बियाणे पेरून टाकले तर तपासणीला नमुना उरत नाही, आणि ती त्याची अडचण न्यायालयाने समजून घेतली आहे. गाडीचे तसे नाही. गाडीचा पुरावा अंगणात उभा असतो. तो आपल्याच हाताने पुसू नये.

आता तक्रार कोणाविरुद्ध करायची? विक्रेत्याविरुद्ध आणि कंपनीविरुद्धही. पण कोणी काय चूक केली ते वेगवेगळे लिहून. याचा धडा गोव्यातल्या एका प्रकरणाने दिला आहे. एका ग्राहकाने २०११ ची नवी मोटार म्हणून पैसे भरले आणि विक्रेत्याने त्याच्या पदरात २००९ साली बनलेली, आधीच काहीशे किलोमीटर चाललेली मोटार टाकली. ग्राहकाने कंपनीलाही जबाबदार धरले. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने टाटा मोटर्सला त्या जबाबदारीतून सोडले. विक्रेता कंपनीकडून गाडी विकत घेऊन स्वतःच्या जबाबदारीवर विकतो. त्याने केलेल्या फसवणुकीची कंपनीला माहिती होती असे तक्रारीत म्हटलेले नव्हते, सिद्धही झाले नव्हते, असे न्यायालयाचे म्हणणे होते. तात्पर्य असे, की बनावटीचा दोष असेल तर बोट कंपनीकडे दाखवावे लागते. विक्रीतली लबाडी असेल तर विक्रेत्याकडे. आणि दोघांनीही टोलवाटोलवी केली असेल तर प्रत्येकाचा वाटा तारखेसह वेगळा सांगावा लागतो. नाहीतर कंपनी म्हणते विक्रेत्याला विचारा आणि विक्रेता म्हणतो कंपनीला विचारा.

पहिली पायरी पत्राची. दोन्ही पक्षांना लेखी कळवा आणि उत्तरासाठी पंधरा दिवस किंवा महिना अशी मुदत द्या. दुसरी पायरी १९१५ या क्रमांकाची. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते. कित्येक तक्रारी इथेच मिटतात. तिथे मिटली नाही तर तिसरी पायरी आयोगाची.

आयोगात जाण्यास आपले लोक बिचकतात, म्हणून थोडे तपशील देतो. वस्तूसाठी मोजलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात चालते. म्हणजे आपली बहुतेक सर्व वाहने तिथेच बसतात. किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी काहीच नाही. ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४०० रुपये आणि २० ते ५० लाखांना १००० रुपये. वकील लावलाच पाहिजे असे नाही. स्वतः उभे राहता येते. तक्रार मराठीत लिहिता येते. कंपनीचे मुख्य कार्यालय मुंबईला असो की चेन्नईला, आपण जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याची सोय २०१९ च्या कायद्याने दिली आहे. परतूरच्या माणसाला जालन्याच्या पुढे जायला नको. 'ई-जागृती' या सरकारी संकेतस्थळावरून घरबसल्याही तक्रार दाखल करता येते. वकिलाची गरज भासली आणि ऐपत नसली, तर तालुक्याच्या न्यायालयातील विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. स्त्रिया, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातींतील व्यक्ती यांना तिथे उत्पन्नाची अट न घालता मोफत साहाय्य मिळू शकते.

मुदत मात्र विसरू नका. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत आयोगात गेले पाहिजे. 'पुढच्या सर्व्हिसिंगला बघू' या गोड शब्दांवर दोन वर्षे पाहता पाहता निघून जातात. शिवाय तक्रार न करता गाडी पन्नास हजार किलोमीटर चालवली, तर दोष पहिल्यापासून होता यावर विश्वास कोण ठेवणार?

तक्रार दाखल झाल्यावर विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी तीस दिवस मिळतात आणि फार तर आणखी पंधरा. या पंचेचाळीस दिवसांपलीकडे मुदत वाढवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० साली स्पष्ट केले आहे. दोष नुसत्या पाहण्याने ठरत नसेल तर आयोग तज्ज्ञाकडून तपासणी करवतो. ही तपासणी मागायला कचरू नका. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातील किंवा तंत्रनिकेतनातील जाणकाराची तपासणी मागता येते. तपासणीचा खर्च आधी तक्रारदाराला भरावा लागतो. पण पुष्कळदा सारे प्रकरण त्या एका अहवालावर उभे राहते. तपासणी नसेल तर तीन महिन्यांत आणि असेल तर पाच महिन्यांत निकाल द्यावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात याहून जास्त वेळ लागतो, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. निकाल विरुद्ध गेला तर पंचेचाळीस दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते. कंपनीला अपील करायचे असेल तर आदेशाच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. आदेश होऊनही तो पाळला नाही तर कैदेची आणि दंडाची तरतूद कायद्यात आहे.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. पहिली: गाडी सदोष आहे म्हणून रागाने बँकेचे हप्ते थांबवू नका. बँकेचा करार वेगळा आणि विक्रीचा करार वेगळा. हप्ते थांबले तर गाडी ओढून नेली जाईल आणि पुराव्यासकट तुमची बाजूही तिच्यामागे जाईल. भरलेले हप्ते आणि व्याज यांचा हिशेब ठेवून तो भरपाईत मागा. दुसरी: ब्रेक, स्टिअरिंग किंवा आग लागण्यासारखा दोष असेल तर गाडी चालवूच नका. अशा दोषाने माणसाला इजा झाली, तर २०१९ च्या कायद्यातील उत्पादन दायित्वाच्या प्रकरणाखाली बनवणाऱ्याकडून भरपाई मागता येते. तसेच एखाद्या नमुन्याच्या गाडीचा दोष रस्त्यावरच्या माणसांना धोक्याचा असेल, तर त्या गाड्या परत मागवण्याचा आदेश केंद्र सरकार कंपनीला देऊ शकते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले ११०-अ हे ते कलम. म्हणून आपली तक्रार आपल्यापुरती ठेवू नये. आपल्यासारख्या दहा जणांनी कळवले तर अकराव्याचा जीव वाचेल.

शेवटी शिक्षक मित्रांसाठी दोन शब्द. गावात अर्ज लिहून देणारा माणूस म्हणून लोक आजही तुमच्याकडेच येतात. पत्रलेखनाच्या तासाला वाढदिवसाची निमंत्रणे आणि रजेचे अर्ज आपण लिहवून घेतोच. एखादे पत्र असेही लिहवून घ्या: 'नव्या मोटारसायकलच्या दोषाबद्दल विक्रेत्यास पत्र'. त्यात तारीख कुठे येते, क्रमांक कुठे येतात, मागणी नेमक्या शब्दांत कशी करायची, पत्राची प्रत का ठेवायची, हे मुलांना शिकू द्या. आठवीतला मुलगा हे शिकला, तर उद्या बाप वर्कशॉपमध्ये 'जनरल चेकअप'वर सही करू लागताच तोच म्हणेल, "थांबा बाबा, आधी आपली तक्रार लिहू द्या."

त्या विद्यार्थ्याच्या वडिलांची आणि माझी अजून गाठ पडते. ट्रॅक्टर आता चालतो आहे. मागे बाजारात भेटले तेव्हा खिशातून एक घडी केलेला कागद काढून त्यांनी मला दाखवला. पाण्याची मोटर दुरुस्तीला दिली होती, तिची ती पावती होती. तिच्यावर त्यांनी मुलाकडून दोष लिहवून घेतला होता आणि खाली दुकानदाराची सही होती. म्हणाले, "सर, आता ओळखीच्याकडूनबी कागद घेतो."